एक मे महिना पाहुणीसारखा

मैत्रिणींनो, मे महिना आला की तुमच्या घरी काय होते हो?

मुलांच्या परीक्षा संपतात, माळ्यावरच्या बॅगा खाली येतात आणि ‘यंदा गावाला कधी?’ हा प्रश्न रोज जेवणाच्या पानावर येऊन बसतो. ज्यांचे गाव कोकणात आहे त्यांना तर शेजारणी हेव्याने म्हणतात, “तुमचं काय बाई, आंबे, फणस, समुद्र, गार सावली! मजा आहे.” आपणही हसून ‘हो ना’ म्हणतो. पण खरे सांगा, त्या मजेतली आपल्या वाट्याला किती येते?

आमचे घर दापोली तालुक्यात, केळशी-आंजर्ल्याच्या पट्ट्यातले. जांभ्या दगडाच्या भिंती, वर कौले, पुढे पडवी, मागे न्हाणी आणि विहीर. विहिरीपलीकडे नारळी-पोफळींची लहानशी वाडी. बंगला नव्हे की वाडा नव्हे, तीन खोल्यांचे घर. समुद्र पायी दहा मिनिटांवर. रात्री अंथरुणात पडले की गाज ऐकू येते.

१९९६ साली लग्न होऊन मी या घरात आले. त्या पहिल्याच मे महिन्यात घरात २२ माणसे होती. सकाळी चहाचे आधण चढायचे ते रात्री दूध विरजूनच चूल निवायची. मधल्या वेळात पोरांची न्याहारी, दोन पंगती, फणस फोडणे, साटे घालणे, आमसुले उलटवणे, पापडांवर कावळे राखणे. संध्याकाळी सगळी मंडळी समुद्रावर निघाली की सासूबाई, जाऊबाई आणि मी रात्रीच्या भाकऱ्यांना बसत असू. पुण्याला परतले की मैत्रिणी विचारायच्या, “काय गं, काळवंडलीस! समुद्रावर खूप भटकलीस वाटतं?” आता त्यांना काय सांगणार, की हा रंग उन्हाचा नव्हे, चुलीचा आहे!

तेव्हा मला गावाकडचा उन्हाळा आवडत नसे, हे आज कबूल करते. आज मात्र मी त्याची वाट बघते. घर तेच, चूलही तीच. मग बदलले काय, तेच तुम्हांला सांगायचे आहे.

वादळानंतर

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि त्याच्या तडाख्यात आमचा भागही सापडला. लॉकडाउनचे दिवस. घर बंद, आम्ही पुण्यात. सासरे गेल्यापासून सासूबाई आमच्याकडेच असतात. कित्येक दिवस गावात वीज नव्हती, फोन लागत नव्हते. अखेर शेजारच्या काकांनी मोबाइलवर एक फोटो पाठवला. सासूबाईंनी तो हातात धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, “हे आपलं घर नव्हे. आपल्या घरामागे एवढं आभाळ दिसत नाही.”

ते आमचेच घर होते. आभाळ दिसत होते कारण पोफळी उरल्या नव्हत्या.

दिवाळीच्या सुमारास आम्ही सगळे गेलो. पडवीची कौले गेलेली, मधल्या खोलीत पावसाळाभर पाणी साठलेले, भिंतींना हिरवी बुरशी. १५० पोफळींतल्या १९ उभ्या होत्या. पोफळीचे असे असते बघा, आज रोप लावले तर सुपारी धरायला पाच-सहा वर्षे जातात. म्हणजे एका दुपारी जे गेले ते परत मिळवायला निम्मे तप हवे.

त्या रात्री ओसरीवर पुरुषमंडळींची बोलणी झाली. भावोजी म्हणाले, “आता यात पैसे घालण्यात अर्थ नाही. जागेला गिऱ्हाईक आहे. विकून मोकळं होऊ.” यांनाही ते पटत होते. जाऊबाई आणि मी एकमेकींकडे पाहिले. मनात आले, सुटलो! वर्षानुवर्षांची ती चूल एकदाची विझेल. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही समुद्रावर निघालो तर त्या चपला घालून दारात उभ्या! “मी पण येते.” वाळूत पोचल्यावर त्यांनी चपला काढल्या, माझा हात धरला आणि घोटाभर पाण्यात उभ्या राहिल्या. लाट आली, पायाखालची वाळू सरकली, तशा त्या लहान मुलीसारख्या दचकून हसल्या. मग म्हणाल्या, “१९६६ साली लग्न झालं माझं. गणपती बोळवायला यायचे इथे, तेवढंच. तेही घरी पाटावर पानं मांडायची असायची म्हणून घाईनं. नुसतं उभं राहायला आजच आले.”

चौपन्न वर्षे, मैत्रिणींनो! आणि समुद्र दहा मिनिटांवर!

परतताना त्या म्हणाल्या, “घर विका, ठेवा, तुम्ही ठरवा. पण विकायच्या आधी मला एक मे महिना त्या घरात पाहुणीसारखं राहायचं आहे.”

यावर कोण काय बोलणार?

आधी घडी बसवली

छप्पर त्या हिवाळ्यातच शाकारून घेतले. २०२१ चा मे करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला, त्यात मेच्या मध्याला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले. पण नवी कौले टिकली. २०२२ च्या मेमध्ये आम्ही गेलो. निघण्यापूर्वी जाऊबाई आणि मी पुण्यात बसून कागदावर चार गोष्टी लिहिल्या. पाहुणी एक आणि राबणाऱ्या दोघी, असे झाले तर मग काय मिळवले? म्हणून त्या लिहिल्या. तुमच्याही उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट, चूल दिवसातून एकदाच. सकाळी सातला पेटवायची, अकराला निववायची. उन्हाळ्यात दुपारी स्वयंपाकघरात उभे राहणे म्हणजे शिक्षाच, आणि कौलारू घर रात्रीपर्यंत ती धग सोडत नाही.

दुसरी, ज्याने त्याने आपले ताट-वाटी घासायची. विहिरीवर राखेचा डबा आणि काथ्याची चोयटी ठेवून दिली. पहिले दोन दिवस भावोजींनी ताट नुसतेच बुडवून काढले. तिसऱ्या दिवशी त्यांच्याच मुलीने ते परत त्यांच्या हातात दिले.

तिसरी, फणस फोडणे आणि पाणी काढणे ही पुरुषांची कामे. ताकदीची कामे आहेत, त्यांनीच करावीत. फक्त हाताला आणि विळीला आधी खोबरेल लावायची आठवण द्यावी, नाहीतर चीक काढत बसण्याचे काम पुन्हा आपल्याकडे येते.

चौथी, आणि सर्वांत अवघड. संध्याकाळी चार ते सात घरातल्या कुठल्याही बाईने कुठलेही काम करायचे नाही. हसू नका, याची सवय करावी लागते. पहिल्या दिवशी मी पडवीत बसले आणि दहा मिनिटांत निवडायला तांदूळ घेऊन आले. जाऊबाईंनी सूप काढून घेतले.

दडपे पोहे आणि सांदणे

चूल एकदाच म्हटल्यावर रात्री काय, हा प्रश्न आलाच. त्याला आपल्या आज्यांनी उत्तर देऊन ठेवले आहे. दडपे पोहे! पातळ पोहे तीन वाट्या, ओले खोबरे एक वाटी, बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ, चिमूटभर साखर आणि लिंबू. सगळे हाताने कालवायचे, वर नारळाच्या पाण्याचा हबका मारायचा आणि ताट झाकून वरती जड काही ठेवून दहा मिनिटे दडपायचे. फोडणी सकाळीच करून वाटीत ठेवलेली असते. वरून पोह्याचा भाजका पापड चुरला की झाले. ऐन वेळी जाळ नाही, घाम नाही.

एखाद्या रात्री सकाळच्याच भाताला ताक, मेतकूट आणि लिंबाचे लोणचे. एखाद्या रात्री सकाळी उकडून ठेवलेल्या आठळ्या आणि आंबे. पाहुणीने एकदाही ‘हे काय जेवण?’ म्हटले नाही. उलट म्हणाल्या, “इतकी वर्षं उगीच भाकऱ्या बडवल्या.”

सकाळच्या वेळात मात्र हौस करावी. बरका फणस पिकला की सांदणे हवीतच. गरे चाळणीवर घासून रस काढायचा. दोन वाट्या रसाला दोन वाट्या कोरड्याच भाजलेल्या तांदळाच्या कण्या, वाटीभर खवलेला नारळ, चवीला मीठ आणि वाटीभर गूळ. फणस फार गोड असेल तर गूळ हात राखून घाला. दोन तास भिजू द्यावे, घट्ट वाटले तर नारळाचे दूध घालून सैल करावे आणि तूप लावलेल्या वाट्यांत किंवा इडलीपात्रात वीस मिनिटे उकडावे. कण्या नसतील तर इडलीचा रवा चालतो. गरम सांदण आणि वर नारळाचे दूध! पुण्या-मुंबईच्या बाजारातही मेमध्ये बरक्याचे गरे मिळतात, तेव्हा गाव नसले तरी अडत नाही.

पाण्याचा हिशेब

कोकणात पाऊस धो धो पडतो, पण मेमध्ये विहिरीचा तळ दिसू लागतो. जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, ते झिरपून जाते. तेव्हा बागेची हौस करायची ती एकदा वापरलेल्या पाण्यावरच.

आमच्याकडे न्हाणीचे पाणी पन्हळीने आधी अळवाला जाते, तिथून केळींना आणि मग हळदीच्या वाफ्याला. भांडी राखेने घासली की ते पाणीही वाया जात नाही. साबणाचे असेल तर मात्र कपड्यांचे पहिले पाणी झाडांना घालू नये, दुसरे-तिसरे चालते. तांदूळ धुतलेले पाणी तुळशीला आणि कढीपत्त्याला. शहरात गॅलरीतल्या चार कुंड्यांनाही हाच हिशेब लागू पडतो.

पाणी सकाळी सातच्या आत किंवा सूर्य मावळल्यावर घालावे. दुपारी घातलेले पाणी झाडाला कमी आणि उन्हाला जास्त मिळते. बुंध्याशी वाळलेली पाने, नारळाच्या शेंड्या, उसाची चिपाडे, जे मिळेल त्याचे आच्छादन करावे. एक दिवसाआड पाणी दिले तरी ओल टिकते.

फुलांत मोगऱ्यासारखा गुणी कोणी नाही. थंडी सरताना त्याची छाटणी करून शेणखत घातले की उन्हाच्या तडाख्यात तो फुलतो. इतर झाडे मरगळतात तेव्हा हा पांढराशुभ्र! संध्याकाळी टपोऱ्या कळ्या काढाव्यात, ओल्या फडक्यात ठेवाव्यात आणि चार कळ्या पाण्याच्या माठात टाकाव्यात. बर्फाची आठवणसुद्धा होत नाही.

२५ मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागते. पावसाळी वेलांचे बी लावायची ही जुनी वेळ. पडवळ, दोडकी, काकडी यांचे बी रात्रभर भिजवून आळ्यात दोन-दोन टोचावे आणि पाऊस येईपर्यंत हाताने शिंपावे. मांडव मात्र आधीच उभारून घ्यावा, वेल वाट बघत नाही. त्या वर्षी सासूबाईंनी पडवीत खुर्चीवर बसून नुसत्या सूचना दिल्या आणि पुतण्यांनी मांडव घातला. तिरका झाला. पण पडवळे काही मांडव बघून लागत नाहीत!

मोकळ्या झालेल्या वाडीचे काय करायचे, हा मात्र प्रश्न होता. विकायचे ठरले असते तर तिथे काहीच लावायचे नव्हते. पण पाहुणीबाई रोज सकाळी तिथे जाऊन उभ्या राहत. एक दिवस म्हणाल्या, “सुपारी मी खात नाही. पण ही मोकळी जागा मला बघवत नाही.” यांनी काही न बोलता दापोलीच्या कृषी विद्यापीठात रोपांची चौकशी केली. हे विद्यापीठ १९७२ सालचे, आणि कोकणातल्या बागायतीला त्याचा मोठा आधार आहे. तिथल्या सल्ल्याने पहिला पाऊस पडताच आधी केळी लावल्या आणि त्यांच्या सावलीत नऊ-नऊ फुटांवर पोफळीची ४० रोपे. कोवळ्या पोफळीला कडक ऊन सोसत नाही, खोड भाजते. म्हणून आधी सावली लावायची, मग झाड.

रातांबे आणि साखर

मेमध्ये रातांबे पिकतात आणि अंगण लालेलाल होते. पूर्वी आम्ही आमसुलांच्या राशी करत असू, कारण पुणे, मुंबई, नागपूर अशा सात घरांना डबे जायचे. आता ठरवले, आपल्याला लागेल तेवढेच करायचे. सात घरांना हवे असेल तर सात घरांनी मे महिन्यात हात लावायला यावे. दोन घरांची माणसे खरेच आली!

पहिल्यांदाच करत असाल तर अमृत कोकम करा, त्याला कष्ट सर्वांत कमी. पिकलेले, न फुटलेले रातांबे धुऊन कोरडे पुसावेत, अर्धे कापून बिया आणि गर काढावा. सालीच्या वाट्यांत साखर भरून त्या काचेच्या बरणीत एकावर एक रचाव्यात. एक किलो सालीला दोन किलो साखर. दादरा बांधून बरणी सात-आठ दिवस उन्हात ठेवावी, रोज कोरड्या चमच्याने हलवावी. साखर विरघळून गडद लाल पाक सुटतो. गाळून थोडे मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घातली की वर्षभराचे सरबत तयार. एक भाग पाक, चार-पाच भाग गार पाणी.

साखर चालत नसेल त्यांनी आगळ करावे. किलोभर सालींना दीडशे ते दोनशे ग्रॅम जाडे मीठ थरांनी घालायचे, रोज हलवायचे आणि आठवड्याने गाळायचे. सोलकढीला हाच आगळ. त्यात मीठ भरपूर असते, म्हणून सोलकढीत वेगळे मीठ घालण्यापूर्वी चव घ्या, आणि रक्तदाबाचे पथ्य असेल तर बेताने.

काढलेल्या बिया फेकू नका हं. वाळवून, कुटून, पाण्यात उकळल्या की वर जे तेल येते तेच थिजून मुठेल होते. टाचांच्या भेगांवर यासारखा उपाय नाही. आपल्या टाचांना गरज नाही, असे म्हणणारी गृहिणी मला अजून भेटायची आहे!

एक सावधगिरी सांगते. आमसुले, साटे, पापड ही उन्हाची कामे आता मेअखेरीवर ठेवू नका. मुंबईत मोसमी पाऊस येण्याची नेहमीची तारीख ११ जून. पण २०२५ साली तो २६ मेलाच तिथे पोचला आणि आमच्याकडे त्याआधीपासूनच कोसळत होता. आमची दोन परातभर आमसुले आणि आंब्याची साटे अंगणातच भिजली. पुटे चढवून झालेली आमसुले कशीबशी मंद निखाऱ्यावर सुकवली, साटे टाकून दिली. तेव्हा वाळवणे १५ मेच्या आत उरकावीत आणि आभाळावर विश्वास ठेवण्यापेक्षा हवामानाचा अंदाज रोज ऐकावा.

धनेशाची बायको

चार ते सात काम नाही, म्हटल्यावर पहिल्यांदाच आजूबाजूला पाहिले. आणि काय सांगू, आमच्याच अंगणात केवढे चालले होते!

‘टुक टुक टुक’ असा भांडी ठोकल्यासारखा आवाज मी २५ वर्षे ऐकत आले होते. मला वाटे, गावात कोणी तांबट आहे. तो तांबट पक्षी निघाला, हिरवा, कपाळावर लाल टिळा. कोकीळ गाते असे आपण म्हणतो, पण गाणारा असतो तो काळा नर. मादी ठिपक्यांची, ती कावळ्याच्या घरट्यात अंडी घालून मोकळी होते. आणि मेअखेरीस ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ म्हणून टाहो फोडणारा पावशा तर रात्रीही थांबत नाही.

गावाच्या वरच्या अंगाला देवराईत जुनी झाडे आहेत. तिथे पुतणीने आम्हांला धनेश दाखवला. मोठी पिवळी चोच, उडताना पंखांचा सपसप आवाज. ती पक्ष्यांची पुस्तके वाचते. तिने सांगितले, धनेशाची मादी विणीच्या वेळी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. फक्त चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवते. काही महिने ती आतच असते आणि नर फळे आणून त्या फटीतून तिला भरवतो.

सासूबाईंनी सगळे लक्षपूर्वक ऐकले आणि म्हणाल्या, “निदान तिला घास तरी आयता मिळतो.”

आम्ही तिघी इतक्या हसलो की धनेश उडून गेला. पण रात्री अंथरुणावर ते वाक्य मला पुन्हा आठवले आणि हसू आले नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, वळवाची एखादी सर झाली की काजवे येतात. ओढ्याकाठच्या एका झाडावर ते एवढे होते की झाड श्वास घेते आहे असे वाटावे. उजेड होतो, मावळतो, पुन्हा होतो. जोडीदाराला बोलावण्याची ती खूण असते, म्हणून तिथे बॅटरी किंवा मोबाइलचा दिवा लावू नये, त्यांची खूण हरवते. मुलांना काजवे बाटलीत भरू देऊ नका. आणि एप्रिलमध्ये या बाजूला आलात तर वेळासला कासवांची पिल्ले समुद्रात जाताना दिसू शकतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली तिथे घरट्यांच्या रक्षणाचे काम सुरू केले, आणि आता गावातल्या बायका घरोघरी पाहुण्यांची जेवणखाण करून चार पैसे मिळवतात. बघा, रांधणे तेच, पण त्याचे मोल मिळाले की त्याची चव बदलते.

गाव नसेल तर

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे ना वाडी, ना विहीर. आम्ही काय करायचे? अहो, वर सांगितलेल्यातले निम्मे तुमच्या दोन खोल्यांतही होण्यासारखे आहे. गॅलरीत मोगऱ्याची एक कुंडी आणि पक्ष्यांसाठी पाण्याची एक पसरट थाळी ठेवा, पाणी रोज बदला. माठात वाळ्याची जुडी टाका. आठवड्यातून तीन रात्री चूल बंद ठेवा. आणि चार ते सात जमत नसेल, तर निदान सहा ते सात हा तास स्वतःचा म्हणून घरात जाहीर करा. नुसते मनात ठरवून उपयोग नाही, जाहीर करावे लागते. घरातली माणसे वाईट नसतात, त्यांना दिसत नसते एवढेच. आमच्या घरात ५६ वर्षे कोणाला दिसले नव्हते. त्यात मीही आलेच.

ओटी

निघायचा दिवस आला. बॅगा भरल्या, बरण्या बांधल्या. सासूबाई पडवीत बसल्या होत्या, पाहुणीसारख्याच, साडी नेसून तयार. जाऊबाईंनी मला आत बोलावले आणि हळूच म्हणाल्या, “पाहुणीला रिकाम्या ओटीनं पाठवायचं का गं?”

तुम्हांला ठाऊक आहे मी काय सांगते आहे ते. सासरे जाऊन दहा वर्षे झाली होती. त्या दहा वर्षांत घरात इतकी हळदीकुंकवे झाली, त्या आपण होऊन आतल्या खोलीत जाऊन बसत. आम्ही त्यांना बसू देत होतो.

घरात सोललेला नारळ शिल्लक नव्हता. वाडीतला असोला नारळ घेतला, सुपात तांदूळ घेतले, मोगऱ्याचा गजरा केला. जाऊबाईंनी कुंकवाचा करंडा पुढे केला, तशा त्या मागे सरकल्या. “मला कशाला गं? लोक काय म्हणतील?”

मी म्हटले, “आई, तुम्ही पाहुण्या म्हणून आलात ना? मग पाहुण्यांनी घरच्यांना नाही म्हणायचं नसतं.”

त्या क्षणभर आमच्या दोघींकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पदर पुढे केला आणि कपाळही. भावोजी दाराशी उभे होते. ते काही बोलले नाहीत, पण गाडीत बॅगा ठेवायला गेले ते बराच वेळ परत आले नाहीत.

तो नारळ सासूबाईंनी पुण्याला नेला नाही. गाडीत बसण्यापूर्वी न्हाणीच्या पाटाशी ओल्या मातीत अर्धा पुरून ठेवला. गणपतीला आम्ही गेलो तेव्हा त्याला कोंब आला होता, आणि २०२३ च्या पावसाळ्यात विहिरीच्या उजव्या अंगाला तो लावला.

घर विकायचा विषय त्यानंतर कोणी मुद्दाम बंद केला नाही. तो निघतच नाही, एवढेच. दर एप्रिलमध्ये सासूबाई कॅलेंडर घेऊन बसतात आणि विचारतात, “यंदा पाहुणी कोण?” कारण आता तो आमच्या घरचा नियमच झाला आहे. एक मे महिना जाऊबाई पाहुण्या होत्या, एकदा मी. माझ्या वर्षी मी काय केले म्हणून सांगू? पहिले चार दिवस नुसती झोपले. पाचव्या दिवशी उठून समुद्रावर गेले आणि सासूबाईंसारखीच घोटाभर पाण्यात उभी राहिले.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात अशी एखादी असेल. सासू, आई, मोठी जाऊ, नाहीतर तुम्ही स्वतः. तिला एकदा विचारून बघा, समुद्राच्या पाण्यात नुसती उभी केव्हा राहिली होतीस? आणि उत्तर यायला वेळ लागला, तर यंदाची बॅग जरा निराळ्या तऱ्हेने भरा.